पडद्यासमोर सारखे, पारावर वेगळे

‘सिनेमाला जात नसते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकले, मित्रांच्या घोळक्यात ऐकले आणि स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या व्यासपीठांवरून तर फारच ऐकले. आता या वाक्याला विज्ञानाचाही टेकू दिला जातो. सिनेमा पाहताना वेगवेगळ्या माणसांचे मेंदू एकसारखे चालतात, असे प्रयोगातून दिसले आहे. मग काय, अंधाऱ्या थिएटरात जात गळून पडते आणि सगळे माणूस म्हणून एक होतात, असा निष्कर्ष काढायला लोक मोकळे.

प्रयोग खरे आहेत. निष्कर्ष खोटा आहे. आमचे म्हणणे सरळ आहे: मेंदू सारखे चालणे म्हणजे समाज एक होणे नव्हे. आणि या दोन गोष्टींत गल्लत झाली की फायदा नेहमी त्यांचाच होतो, ज्यांना जात न बोलता टिकवायची आहे. म्हणून हे विज्ञान नीट समजून घेणे आपल्या कार्यकर्त्यांसाठी गरजेचे आहे.

आधी प्रयोग काय आहेत ते पाहू. उरी हॅसन हे मेंदूशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी काही माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या सिनेमाचा पहिला अर्धा तास दाखवला. कुणालाही काही सूचना दिली नव्हती. फक्त सिनेमा पाहा, एवढेच. मेंदूच्या ज्या भागाचे काम वाढते तिकडचा रक्तपुरवठा बदलतो आणि तो बदल हे यंत्र टिपते. दिसले असे की एकमेकांशी काही संबंध नसलेल्या माणसांच्या मेंदूतले बरेच भाग एकाच क्षणी वर जात होते आणि एकाच क्षणी खाली येत होते.

२००८ साली हॅसन यांच्या गटाने पुढची पायरी मांडली. हिचकॉकने टीव्हीसाठी केलेली एक थरारक गोष्ट दाखवली तेव्हा मेंदूच्या बाह्यस्तराच्या सुमारे ६५ टक्के भागात प्रेक्षकांचा प्रतिसाद जुळला. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ला ४५ टक्के, एका विनोदी टीव्ही मालिकेला १८ टक्के. आणि न्यूयॉर्कच्या एका बागेत नुसता कॅमेरा लावून, काही न कापता केलेल्या चित्रणाला ५ टक्क्यांहून कमी. म्हणजे मेंदू जुळवून घेतो तो निव्वळ पडद्यामुळे नाही. दिग्दर्शक काय दाखवतो, कधी कापतो, कुठे आवाज वाढवतो, त्यामुळे. दिग्दर्शकाची पकड जितकी घट्ट, तितके प्रेक्षक सारखे. ही पकड मोजणारी आकडेवारी आहे. सिनेमा चांगला की वाईट, खरा की खोटा, हे ती सांगत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण मेंदूचा कोणता भाग जुळतो? डोळ्यांनी पाहण्याचे आणि कानांनी ऐकण्याचे काम करणारे भाग जवळजवळ सगळ्यांचे जुळतात. गोळी सुटली की सगळे दचकणार. जे दिसले त्याचा अर्थ लावण्याचे काम मात्र मेंदूचे दुसरे भाग करतात, आणि तिथे गोष्ट बदलते.

यारा येशुरुन आणि हॅसन यांच्या गटाने २०१७ साली यावर एक साधा प्रयोग छापला. लोकांना एक गोष्ट ऐकवली. नवरा मित्राला फोन करतो, बायको घरी आली नाही म्हणतो. अर्ध्या लोकांना आधी सांगितले की बायको खरोखर त्या मित्राबरोबर आहे. उरलेल्यांना सांगितले की नवरा उगाच संशयी आहे. गोष्ट एकच, शब्द तेच. तरी अर्थ लावणाऱ्या भागांत दोन गटांचे मेंदू वेगळे चालले. आपल्या गटातल्यांशी जुळले, दुसऱ्या गटाशी नाही. एवढा फरक पडायला आधी वाचलेल्या चार ओळी पुरल्या.

आता आपण आपला विचार करू. आपल्या समाजात त्या चार ओळी कोण लिहितो? जात लिहिते. आणि ती चार ओळींवर थांबत नाही. पाळण्यापासून लिहीत राहते. कुणाच्या घरी पाणी प्यायचे, कुणाच्या पंगतीत बसायचे, कुणाचे आडनाव ऐकून आवाज बदलायचा, हे मूल शाळेत जायच्या आधी शिकलेले असते. ही एवढी लांब प्रस्तावना वाचून माणूस थिएटरात शिरतो आणि मग आपण म्हणतो, सिनेमाला जात नसते!

अमेरिकेत २०२० साली युआन चांग लिओंग आणि सहकाऱ्यांनी स्थलांतरितांच्या प्रश्नावरच्या बातम्या, भाषणे आणि प्रचाराच्या चित्रफिती ३८ जणांना दाखवल्या. काही उदारमतवादी होते, काही रूढीवादी. पाहणे-ऐकणे सगळ्यांचे सारखे; अर्थ लावणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र राजकीय मतानुसार दोन वाटांनी गेला. भीती दाखवणारी, नैतिकतेची आणि भावनेची भाषा आली की फाटाफूट आणखी वाढली.

हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. आमच्या जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर पोलिसांनी लाठीमार केला. त्याच्या चित्रफिती काही तासांत महाराष्ट्रभर मोबाईलवर पोचल्या. पुढच्या वर्षी, जून २०२४ मध्ये, त्याच तालुक्यातल्या वडीगोद्रीत ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण सुरू झाले. दोन्ही गावे एकमेकांच्या शेजारी. दोन्हीकडे तेच मोबाईल, त्याच बातम्या. पण एकाच चित्रफितीत एका पाराला अन्याय दिसतो आणि दुसऱ्या पाराला दबाव दिसतो. आंदोलकांवरचा लाठीमार चुकीचाच होता, हे आम्ही तेव्हाही म्हणत होतो. मुद्दा वेगळा आहे: कुणाला काय दिसणार हे चित्रफीत सुरू व्हायच्या आधीच बहुतेक ठरलेले होते.

आता मराठी सिनेमाकडे येऊ. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. शेवटाकडे कैकाडी समाजाचे एक कुटुंब गावात डुकरे पकडते आहे आणि गाव तमाशा पाहावा तसे हसत उभे आहे. पाहणाऱ्यांत जब्याला आवडणारी मुलगीही आहे. त्या प्रसंगात थिएटरातही काही लोक हसतात. तिथेच नागराजने खरा प्रयोग लावला आहे, यंत्राशिवाय. जो हसतो तो गावाच्या बाजूने उभा आहे. ज्याच्या घशात आवंढा अडकतो तो जब्याच्या बाजूने. पडदा एक, आवाज एक, अंधार एक, आणि एकाच रांगेत बसलेल्या दोघांचा सिनेमा वेगळा. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्याकडे येतो. हसणाऱ्याला तेव्हा कळते, निदान कळायला हवे, की आपण कुठे उभे होतो.

‘फँड्री’ प्रदर्शित झाला त्याला तीन महिनेही झाले नव्हते. २८ एप्रिल २०१४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला सवर्ण मुलीशी बोलतो म्हणून मारहाण करून ठार मारले गेले. त्या मुलाचे नाव चळवळीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. तरुण मित्रांनो, इथे जरा थांबा. फितूर साक्षीदार म्हणजे कोण? ज्याच्या जबानीनुसार त्याने डोळ्यांनी पाहिले आणि जो कोर्टात उभा राहून ‘मी काही पाहिले नाही’ म्हणाला तो. डोळे चालले असतील, कान चालले असतील. पण डोळ्यांना दिसलेले जिभेवर यायच्या आधी मध्ये गाव उभे राहते, जात उभी राहते, दहशत उभी राहते. मेंदूच्या यंत्रावर हे दिसायचे नाही.

‘सैराट’चीही हीच गोष्ट. २९ एप्रिल २०१६ ला तो आला आणि शंभर कोटींचा गल्ला गाठणारा पहिला मराठी सिनेमा ठरला. ‘झिंगाट’वर लोक थिएटरात नाचले. शेवटी पडद्यावरचा आवाज बंद होतो आणि लहान मूल रक्ताची पावले उमटवत चालत जाते, तेव्हा सगळे गप्प झाले. या शांततेचा दाखला देऊन अनेकांनी लिहिले की महाराष्ट्र बदलला. आम्ही विचारतो, कशावरून? त्या सिनेमात लोखंडे सर वर्गात शिकवत असताना पाटलाचा पोरगा त्यांच्या थोबाडीत मारतो. अनेकांना तो कॉलेजातल्या मारामारीचा एक प्रसंग वाटला. आपल्या पोरांना मात्र ‘लोखंडे’ या आडनावापाशीच सगळा प्रसंग कळला होता. चापट नंतर बसली. आणि शेवटच्या दृश्याला रडलेले सगळे एकाच गोष्टीसाठी रडले का? कुणी आर्ची-परश्यासाठी रडले, कुणी त्या लेकरासाठी. काहींनी मात्र घरी जाऊन आपल्या मुलीचा मोबाईल तपासला. आमच्या कामात अशा मुली भेटतात. सिनेमा पाहून बापाच्या डोळ्यांत पाणी आले आणि दुसऱ्या दिवसापासून मुलीचे शिकवणीला जाणे बंद झाले. बापाचा मेंदू थिएटरात मुलीच्या मेंदूशी जुळलाच असेल! पण बापाने सिनेमातून घेतले ते भय, आणि मुलीने घेतली ती आशा.

काही वेळा तर सिनेमा पाहायचीही गरज पडत नाही. महात्मा फुल्यांच्या जीवनावरचा ‘फुले’ हा हिंदी सिनेमा ११ एप्रिल २०२५ ला, जोतिबांच्या जयंतीदिनी येणार होता. नुसता ट्रेलर पाहून काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला. सेन्सॉर बोर्डाने जातिवाचक शब्द आणि पेशवाईचा उल्लेख याबाबत बदल सांगितले आणि सिनेमा २५ एप्रिलला आला. जो सिनेमा कुणी पाहिलाच नव्हता, त्याचा अर्थ लावून झाला होता. ज्यांना ‘सिनेमाला जात नसते’ असे वाटते त्यांनी या दोन आठवड्यांचे उत्तर द्यावे.

आता पकडीचा मुद्दा. दिग्दर्शकाची पकड जितकी घट्ट तितके मेंदू सारखे, हे आपण वर पाहिले. मग ही पकड द्वेषाच्या हातात गेली तर? १४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ आला. संभाजी महाराजांविषयी आम्हाला नितांत आदर आहे. वढू बुद्रुक आणि गोविंद गोपाळ महार हा आमच्याही इतिहासाचा भाग आहे. पण सिनेमानंतर महिनाभरात खुलताबादच्या, म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या, औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण तापवले गेले. कबर हटवा म्हणून झालेल्या आंदोलनानंतर १७ मार्चला नागपुरात हिंसाचार उसळला, त्यात एकाचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनीच विधानसभेत सांगितले की ‘छावा’मुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग बाहेर येतो आहे. म्हणजे हजारो माणसांच्या मनात एकाच वेळी एकच भावना उठू शकते, हे सत्ताधाऱ्यांना आपल्याआधी कळले आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या क्रौर्याचा राग आजच्या शेजाऱ्याकडे वळवणे हे सिनेमाच्या पडद्यावर होत नाही; ते सिनेमाच्या आधी आणि नंतर, त्या चार ओळी लिहिणारे करतात.

तथागतांनी कालामांना काय सांगितले हे आपण विहारात नेहमी ऐकतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, कुणी मोठा माणूस म्हणतो म्हणून स्वीकारू नका. स्वतः तपासा, ते हिताचे आहे का पाहा. सगळ्या थिएटराला एकाच वेळी संताप आला, म्हणून तो संताप खरा ठरत नाही. हे आपल्या आवडत्या सिनेमांनाही लागू आहे.

इथे एक धोका सांगितला पाहिजे. मेंदू वेगळे चालतात असे म्हटले की कुणीतरी लगेच म्हणेल, बघा, जात रक्तातच असते. या बाष्कळपणाला बाबासाहेबांनी कधीच उत्तर दिले आहे. नाकाची लांबी-रुंदी मोजून वंश ठरवणाऱ्यांचीच मोजमापे घेऊन त्यांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. येशुरुन यांच्या प्रयोगातही दोन गटांचे मेंदू जन्मतः वेगळे नव्हते. आधी काय सांगितले तेवढाच फरक होता. जे शिकवल्याने आले ते नव्या शिकवणीने जाऊ शकते. जात ही मनाची अवस्था आहे असे बाबासाहेब म्हणाले, ते याच अर्थाने. मनात आहे, म्हणूनच ती मोडता येते.

मोडायची कशी? याचे उत्तरही बाबासाहेबांपाशीच आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यावर १९३६ साली त्यांनी स्वतः छापलेले ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ पुन्हा काढून वाचा. हिंदूंच्या चालीरीती सारख्या आहेत, म्हणून तो एक समाज आहे, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी तिथे खोडून काढले आहे. त्यांचा युक्तिवाद असा की सारखेपणा वेगळा आणि सामाईकपणा वेगळा. दोन गावे सारखाच सण साजरा करतात म्हणून ती एक होत नाहीत. समाज बनतो तो माणसे एकमेकांशी व्यवहार-संवाद करतात आणि एकाच कामात सोबत उतरतात तेव्हा. आता हाच निकष थिएटरला लावा. शंभर माणसे शेजारी बसून सारखी दचकली, हा सारखेपणा झाला. ती एकमेकांशी एक शब्द न बोलता आपापल्या वाडा-वस्तीत परतली, तर सामाईक काय झाले? ज्या गावात स्मशानभूमी वेगळी आहे, त्या गावाने ‘सैराट’ एकत्र पाहिला, याला काय अर्थ आहे?

आणि आता विज्ञान बाबासाहेबांच्या मागून चालत आले आहे. बो सीव्हर्स, थालिया व्हीटली आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक प्रयोग छापला. अर्थ स्पष्ट नसलेली सिनेमाची दृश्ये लोकांना दाखवली. मग लहान गटांत बसवून, यात काय चालले आहे यावर बोलून एकमत करायला सांगितले. नंतर तीच दृश्ये पुन्हा दाखवली. चर्चेनंतर गटातल्यांचे मेंदू आधीपेक्षा जास्त जुळले. म्हणजे नुसते पाहून न झालेले काम बोलण्याने झाले. आणि त्याहून महत्त्वाचे: ज्या गटात वरच्या प्रतिष्ठेची माणसे स्वतःच बोलत राहिली, इतरांना गप्प करत राहिली, तिथे हे जुळणे कमी झाले. जिथे कुणीतरी इतरांना बोलते करत होते, त्यांचे ऐकून घेत होते, तिथे ते वाढले.

हे वाचून आपण आपल्या कार्यक्रमांकडे पाहिले पाहिजे. भीमजयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, आमच्याकडे परतूर-मंठ्यापासून भोकरदन-जाफ्राबादपर्यंत समाजमंदिराच्या भिंतीवर प्रोजेक्टर लागतो. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ लागतो, ‘जयभीम’ लागतो. सिनेमा संपतो, घोषणा होतात, मग तीन पुढारी तासभर भाषण करतात आणि बाया-पोरी सतरंज्या गुंडाळतात. बोलायचा मान कुणाला? ज्याचे नाव बॅनरवर मोठे आहे त्याला. मग वरच्या प्रयोगातला तो गप्प करणारा माणूस आपल्याही मंडपात बसलेला नाही काय?

म्हणून आमचा प्रस्ताव असा. सिनेमा दाखवणे हे अर्धेच काम समजा. त्यानंतरचा अर्धा तास राखून ठेवा आणि त्यात भाषण नको. माईक आधी मुलींकडे जाईल, मग बायांकडे, मग शाळकरी पोरांकडे, पुढारी शेवटी. ‘कसा वाटला’ असे विचारू नका, त्याला ‘छान’ एवढेच उत्तर येते. विचारा, तुम्हाला काय दिसले? लोखंडे सरांना चापट बसली तेव्हा वर्गातली बाकीची पोरे काय करत होती? ‘फँड्री’त गाव हसले तेव्हा तुम्ही कुठे होता? जो वेगळे बोलेल त्याला तोडू नका. आणि दुसरे काम अधिक अवघड आहे: हा पडदा फक्त भीमनगरात लावू नका. शाळेच्या पटांगणात लावा, ग्रामपंचायतीसमोर लावा. मातंग, धनगर, वंजारी, मुस्लिम, मराठा अशा सगळ्या शेजाऱ्यांना बोलवा. दहा जण आले तरी चालतील. त्यांच्यातल्या एकाने जरी आपल्यासमोर बसून सांगितले की त्याला काय दिसले, तर त्या अर्ध्या तासात जे घडेल ते शंभर कोटींच्या गल्ल्याने घडलेले नाही.

सगळे सोपे होईल असे आम्ही म्हणत नाही. काही ठिकाणी भांडण होईल, काही ठिकाणी कुणी फिरकणार नाही. पण भांडण हाही संवाद आहे. अंधारात शेजारी बसून रडणे आणि उजेडात ओळख न दाखवणे हा संवाद नाही. आपल्या जलसाकारांनी गावोगाव फिरून हेच केले होते. त्यांचे गाणे संपल्यावर खरी बैठक सुरू व्हायची आणि रात्र रात्र चालायची.

येत्या जयंतीच्या नियोजनाच्या बैठका सुरू होतील तेव्हा डीजेच्या खर्चावर जितका वेळ जातो, त्यातला थोडा या अर्ध्या तासाला द्या. सिनेमा कोणता लावायचा हे ठरवा, आणि त्यानंतर माईक कुणाच्या हातात द्यायचा हे त्याहून आधी ठरवा.

जय भीम!